वाचक विचारतात: आठवड्याभरात आफ्रिकेतली कोणती सफारी?

सफारीविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे: रजा थोडी आहे, पाहायचे पुष्कळ आहे, मग मार्ग कोणता धरायचा? निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे आणि कॉलेजला जाणारी दोन मुले, असे चौघे. गणपतीनंतर सप्टेंबरमध्ये कोल्हापूर ते कोल्हापूर नऊ दिवस मिळतात. टूरवाल्याने नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा, सेरेंगेटी, गोरोंगोरो आणि अरुशा असा कार्यक्रम दिला आहे. तो जमण्यासारखा आहे का?
(राजारामपुरी)

उत्तर : कागदावर जमेल. प्रत्यक्षात तुमची सहल गाडीतच होईल आणि प्राणी जाता-येता दिसतील तेवढेच. आधी दिवस मोजू. पहिल्या दिवशी रात्रीच्या महालक्ष्मीने निघालात तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. मुंबई ते नैरोबी थेट विमानाला साधारण सहा तास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. म्हणजे दुसरी रात्र नैरोबीत. परतीचा आठवा दिवस विमानाचा, नववा मुंबई ते कोल्हापूर. उरले मधले पाच दिवस, आणि त्या पाच दिवसांत तुम्हाला दोन देश आणि सहा अभयारण्ये दिली आहेत.

या कार्यक्रमातला सर्वांत फसवा टप्पा मारा ते सेरेंगेटी हा आहे. नकाशावर दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत, वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप सरळ इकडून तिकडे जातात, त्यामुळे वाटते की तासाभराचे काम. पण पर्यटकांना तिथून सीमा ओलांडता येत नाही. पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यापर्यंत जाऊन, केनियातून बाहेर पडल्याचे शिक्के घेऊन, पलीकडे बहुधा दुसऱ्या गाडीत सामान चढवून मग टांझानियात शिरायचे. सकाळी लवकर निघालात तरी अख्खा दिवस जातो. शिवाय दोन्ही देशांचे प्रवेश परवाने वेगळे काढावे लागतात. पूर्व आफ्रिकेचा जो सामाईक व्हिसा आहे तो केनिया, युगांडा आणि रवांडापुरता आहे, टांझानिया त्यात नाही.

सफारीत मोजायचा तो उद्यानांचा आकडा नव्हे, सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते साडेसहा हे तास तुम्ही जंगलात असता की रस्त्यावर, हे मोजायचे. सिंह, बिबट्या, तरस यांची हालचाल याच वेळेत असते. मुक्काम बदलला की त्या दिवसाची सकाळ बांधाबांधीत आणि दुपार रस्त्यावर जाते. अंबोसेली नैरोबीपासून चार-पाच तासांवर आहे आणि माराच्या बरोबर उलट दिशेला. त्यामुळे ते जोडले की एका दिवसाऐवजी दोन दिवस जातात. हत्ती आणि मागे किलिमांजारो हे दृश्य मोहाचे आहे हे मान्य. पण शिखर बहुधा पहाटेच मोकळे दिसते आणि नंतर ढगात जाते. एका रात्रीच्या मुक्कामात ती एकच पहाट हाती लागते.

सप्टेंबरमध्ये कळप माराच्या नदीकाठी असतात, तेव्हा आमचे स्पष्ट मत: फक्त मारा धरा. तिसऱ्या दिवशी सकाळी नैरोबीहून नारोकमार्गे निघा, पाच-सहा तासांत पोहोचाल. चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन पूर्ण दिवस मारात. सातव्या दिवशी सकाळी निघून नैवाशा, संध्याकाळी तळ्यात बोटीतून पाणघोडे आणि पक्षी. आठव्या दिवशी नैवाशाहून नैरोबी विमानतळ दोन-अडीच तासांवर.

आता पैशाची मेख. 2024 पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला माराचे प्रवेश शुल्क जानेवारी ते जून रोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज 200 डॉलर आहे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढेच चालते, चोवीस तास नाही. तुमचा कॅम्प गेटबाहेर असेल तर तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आत जाऊन सहाला बाहेर येण्यासाठीही माणशी पूर्ण 200 डॉलर पडतील. ती संध्याकाळ सोडा, झोप काढा. तीन पूर्ण दिवसांचे चौघांचे शुल्कच 2400 डॉलर होते. टूरवाल्याच्या आकड्यात ते धरले आहे का, हे पहिल्यांदा विचारा. कॅम्प आत असेल तर शेवटच्या सकाळी दहाच्या आत बाहेर पडावे लागते, नाही तर आणखी एका दिवसाचे पैसे.

कळप नदी ओलांडतात ते पाहायचे असेल तर कॅम्प कुठे आहे ते नकाशावर पाहून घ्या. सेकेनानी गेटजवळ राहिलात तर ओलांडण्याच्या जागांपर्यंत जायलाच दीड-दोन तास मोडतात. नदीच्या जवळचा किंवा पलीकडच्या मारा ट्रँगलमधला कॅम्प महाग पडतो, पण इथे खर्च केलेला पैसा सत्कारणी लागतो. कळप काठावर येऊन तासन् तास उभे राहतात आणि मागेही फिरतात. नदी ओलांडताना दिसेलच अशी हमी कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तीन दिवस ठेवायचे ते त्यासाठीच.

प्रश्न : मुलीची शाळा असल्याने आम्हाला फक्त मे महिन्यात जाता येते. मुलगी पाच वर्षांची आहे. मसाई मारा स्वस्तात मिळत आहे. जावे का?
(इचलकरंजी)

उत्तर : स्वस्त आहे त्याला कारण आहे. मार्च ते मे हा केनिया-टांझानियातला मोठा पावसाळा. माराची बरीचशी जमीन काळी चिकण आहे. आपल्याकडे पावसात उसाच्या रानात ट्रॅक्टर रुततो, तशीच तिथे गाडी रुतते, आणि एकदा रुतली की दुसरी गाडी येऊन ओढेपर्यंत तास-दोन तास जातात. गवत वाढलेले असते, पाणी जागोजागी साचलेले असते, त्यामुळे प्राणी एकत्र न येता पांगतात. हिरवे रान आणि कमी गर्दी आवडणाऱ्या मोठ्या माणसांना हे चालेल. पाच वर्षांच्या मुलीला चालणार नाही.

मे महिन्यासाठी दक्षिण आफ्रिका पाहा. तिथे तेव्हा कोरडा हंगाम सुरू होतो, झाडी विरळ होत जाते, प्राणी पाण्याकडे येऊ लागतात. क्रुगर राष्ट्रीय उद्यान उत्तर-दक्षिण सुमारे 360 किलोमीटर लांब आहे, ते सगळे पाहायचा विचारही नको. दक्षिणेचा भाग धरा: स्कुकुझा कॅम्पला दोन रात्री, लोअर साबी कॅम्पला दोन, जमल्यास उद्यानाच्या मध्यभागातल्या सातारा कॅम्पला एक. जोहान्सबर्गहून दक्षिणेकडची गेटे साधारण पाच तासांवर आहेत, रस्ता उत्तम आहे आणि वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. त्यामुळे स्वतः गाडी चालवणे अवघड नाही. इंग्रजीत छापलेला, फोटो असलेला परवाना आणि सोबत आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा.

स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा रस्ता सगळ्या उद्यानात प्राणी दिसण्यासाठी नावाजलेला आहे. अंतर 45 किलोमीटरच्या आसपास. डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी 50, कच्च्यावर 40, पण थांबत-पाहत जायचे म्हणून या टप्प्याला तीन तास धरा. मे महिन्यात गेटे सकाळी सहाला उघडतात आणि साडेपाचला बंद होतात. मुक्कामाच्या कॅम्पचे दारही त्याच वेळी लागते. उशीर झाला तर दंड होतो. वाटेत हत्तींनी रस्ता अडवला ही सबब चालत नाही, तेव्हा परतीला अर्धा तास जादा हाताशी ठेवा. गाडीतून उतरायचे ते फक्त ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागी.

मुलीचे वय हा खरा मुद्दा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या गाडीच्या सफारीत बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, म्हणून स्वतःच्या बंद गाडीत फिरणेच बरे. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येते. मे महिन्यात धोका कमी होत जातो, संपत नाही. बालरोगतज्ज्ञांनी गोळ्या नकोत असे सांगितले तर पिलानेसबर्ग किंवा मादिक्वे धरा, ही दोन्ही मलेरियामुक्त आहेत. पिलानेसबर्ग जोहान्सबर्गपासून अडीच तासांवर आहे, तीन रात्री पुरतात. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीतच कागद द्या. मुलीचा जन्मदाखला इंग्रजीत लागेल, नगरपालिकेचा जुना मराठी दाखला असेल तर तो आधी बदलून घ्या.

प्रश्न : फेब्रुवारीत टांझानियात सहा दिवस मिळतील. सेरेंगेटी, गोरोंगोरो आणि जमले तर झांझिबार करायचे आहे. आम्ही जैन आहोत, जेवणाचे कसे होईल?
(जयसिंगपूर)

उत्तर : झांझिबार सोडा. त्याला किमान तीन रात्री हव्यात, आणि 2024 पासून तिथे उतरताना 44 डॉलरचा सक्तीचा विमाही घ्यावा लागतो. सहा दिवसांत तो खर्च आणि धावपळ करण्यात अर्थ नाही.

सेरेंगेटी म्हटले की टूरवाले मध्यभागच्या सेरोनेराचे बुकिंग करतात. फेब्रुवारीत कळप तिथे नसतात. ते दक्षिणेला न्दुतूच्या आखूड गवताच्या मैदानात असतात आणि त्यांची बहुतेक वासरे याच सुमारास, दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. मागोमाग चित्ते, सिंह, तरस आलेच. म्हणून पहिली रात्र अरुशा, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गोरोंगोरो विवराच्या काठावरून न्दुतू, तिथे तीन रात्री. पाचव्या दिवशी सकाळची फेरी करून दुपारी विवराजवळच्या कारातू गावी या. सहाव्या दिवशी गेट सहाला उघडते तेव्हाच आत शिरून विवरात उतरा, दुपारी वर येऊन थेट किलिमांजारो विमानतळ. कारातूहून तिथे चार तास धरा आणि रात्रीचे विमान घ्या.

न्दुतूचा बराचसा भाग सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात नव्हे, तर गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात मोडतो. त्याचे दोन परिणाम. एक, हंगामात तिथे रस्ता सोडून मैदानात गाडी नेता येते, उद्यानात येत नाही. दुसरा, चालकाने सीमा ओलांडून उद्यानात गाडी घातली तर वेगळे शुल्क लागते. रोज सकाळी निघताना आज सीमेच्या कोणत्या बाजूला राहायचे ते त्याला विचारा. विवरात उतरण्याचे शुल्क माणशी नसून गाडीमागे आहे, करासह 295 डॉलर. दोघेच असाल तर ते जड जाते, सहा जण असाल तर जाणवत नाही. तळापासून काठ सुमारे 600 मीटर उंच आणि काठ समुद्रसपाटीपासून 2300 मीटरच्या आसपास, म्हणून पहाटे चांगलीच थंडी असते. स्वेटर आणि कानटोपी बॅगेत तळाशी न टाकता हाताशी ठेवा.

जेवणाचे अवघड नाही, पण गृहीत धरू नका. अरुशात गुजराती वस्ती जुनी आहे आणि लॉजच्या स्वयंपाक्यांना शाकाहार ठाऊक असतो. अडचण येते ती दुपारच्या डब्याला. सफारीत दुपारचे जेवण खोक्यात बांधून मिळते आणि त्यात कोंबडीचा तुकडा आणि उकडलेले अंडे ठरलेले असते. म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा: मांस, मासे, अंडी नकोत, कांदा, लसूण, बटाटा, गाजर किंवा कोणतेही कंदमूळ नको, आणि हे डब्यालाही लागू. केवळ 'जैन' लिहून भागत नाही. खाकरा, दशमी, चटण्या बरोबर घ्या, मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांतून नव्हे. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून त्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या चालतात.

प्रश्न : आईवडील दोघेही पासष्टीपुढचे. आईचे गुडघे दुखतात. त्यांना मारा दाखवायचे आहे. रस्त्याने की विमानाने?
(गडहिंग्लज)

उत्तर : विमानाने. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमाने पाऊण-एक तासात माराच्या धावपट्टीवर उतरतात, कॅम्पची गाडी तिथेच उभी असते. दोन्ही बाजूंचा मिळून जवळजवळ एक दिवस वाचतो आणि गुडघ्यांचे हाल टळतात. सामानाची मर्यादा माणशी 15 किलो, हातातली पिशवी धरून. बॅग मऊ हवी, चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटात बसत नाही. विल्सन हे मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळापासून वेगळे आहे आणि मध्ये नैरोबीची वाहतूक आहे. मुंबईहून उतरून त्याच दिवशी पुढचे विमान पकडण्याचा हिशोब करू नका, एक रात्र नैरोबीत ठेवा.

लँड क्रूझरची पायरी उंच असते. लहान स्टूल ठेवायला कॅम्पला आधी सांगा, बहुतेक जण ठेवतात. आईंना चालकामागच्या रांगेत बसवा, मागच्या चाकांवरच्या सीटला सर्वाधिक दणके बसतात. लघवीसाठी हवे तिथे उतरता येत नाही, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. नाहीतर ज्येष्ठ मंडळी पाणी पिणेच बंद करतात आणि दुपारपर्यंत डोके धरते. त्यापेक्षा फेऱ्या तीन-तीन तासांच्या ठेवा. तंबूंच्या कॅम्पमध्ये जेवणघराजवळचा तंबू मागा.

याहून महत्त्वाचा विषय पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा. केनियातून भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होते आणि नंतर आयुष्यभर चालते. पण ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठीपुढे पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर ती घेता येत नाही. म्हणून तिकिटे काढण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटले तर मारा सोडा आणि दक्षिण आफ्रिका धरा. तो देश पीतज्वराच्या यादीत नाही. मात्र विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे न घेता दुबईसारख्या ठिकाणाहून घ्या, म्हणजे प्रमाणपत्राचा प्रश्नच निघणार नाही.

प्रश्न : एकाच फेरीत चित्ता आणि गेंडा दोन्ही हवेत. पाच रात्री आहेत, महिना ऑगस्ट.
(शाहूपुरी)

उत्तर : दोघांना लागणारी जमीन वेगळी, म्हणून दोन मुक्काम करा: नाकुरू एक रात्र, मारा चार. लेक नाकुरू उद्यान कुंपण घातलेले आणि आटोपशीर आहे. काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे तिथे आहेत आणि एका दुपारीत व एका सकाळीत दिसण्याची शक्यता चांगली असते. नैरोबीपासून ते सुमारे तीन तासांवर आणि माराकडे वळून जाता येईल असे आहे. चित्त्याला मात्र मोकळे मैदान हवे. तो दिवसाढवळ्या शिकार करतो, म्हणून सगळ्या गाड्या जेवायला परततात तेव्हा, अकरा ते दोनच्या दरम्यान, तुम्ही मैदानात राहा आणि डबा बरोबर घ्या. वारुळांचे उंचवटे दुर्बिणीने एकेक करून पाहा, चित्ता टेहळणीला तिथे बसतो. त्यासाठी 8 बाय 42 ची दुर्बीण पुरते, माणशी एक.

कोल्हापूरकरांना चित्त्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. संस्थानी काळात इथे पाळीव चित्त्यांकरवी काळवीट धरले जात आणि भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतूनच मागवले जात. मोकळ्या रानात त्याला शिकार करताना पाहायचे असेल तर एकच पथ्य पाळा: चालकाला गाडी जवळ घालायला सांगू नका. गाड्यांनी घेरले की हरीण सावध होते, चित्ता उठून जातो आणि त्याच्या पिल्लांना त्या दिवशी उपास घडतो. दूर थांबा, इंजिन बंद ठेवा.

प्रश्न : आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी टूरवाल्याकडून काय लिहून घ्यावे?
(लक्ष्मीपुरी)

उत्तर : गाडी कोणती आणि तिच्यात माणसे किती, हे आधी. मिनीबस की फोर-बाय-फोर लँड क्रूझर, छत वर उचलले जाते का, प्रत्येकाला खिडकी आहे का. सात जणांच्या गाडीत सात जण भरले की मधल्याला काहीच दिसत नाही. मग मुक्कामांची नावे. 'अमुक कॅम्प किंवा तत्सम' या शब्दांत पंधरा किलोमीटरचा फरक लपू शकतो, म्हणून गेटच्या आत की बाहेर आणि बाहेर असेल तर किती अंतरावर, हे लिहून घ्या. प्रवेश शुल्क किती दिवसांचे आणि कोणत्या दराने धरले आहे ते वेगळ्या ओळीत मागा. 'सफारीचे तास अमर्याद' असे म्हटले असेल तर इंधनाची किंवा किलोमीटरची मर्यादा आहे का, ते विचारा.

शेवटी दोन लहान गोष्टी, ज्या यादीत कधी नसतात. त्सेत्से माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे येते आणि जीनमधूनही चावते, तेव्हा खाकी किंवा फिकट मातकट कपडे घ्या. आणि केनिया-टांझानियात चौकोनी तीन पिनांचे ब्रिटिश प्लग लागतात, तर दक्षिण आफ्रिकेत आपल्या गीझरच्या जाड 15 अँपिअरच्या पिनेसारखे. त्यांचे अ‍ॅडॅप्टर इथूनच घेऊन जा, कॅम्पमध्ये बहुधा एखादाच असतो आणि तो कुणीतरी आधीच नेलेला असतो.